टेलरचा ट्रेलर

आमच्या मास्तरांच्या डोक्यात ट्रेलर शिरला तेव्हा मला वाटलं, चार दिवसांत निघून जाईल. त्याआधी बागकाम शिरलं होतं, तेही असंच गेलं. मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेतला नव्हे, टेलरमास्तर. उभा जन्म सुई, कात्री आणि खडूत गेलेला माणूस, घरात खिळा ठोकायचा तर भिंतीआधी स्वतःच्या अंगठ्यावर ठोकतो. असा माणूस सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "जीपमागे ओढायला एक छोटा ट्रेलर बांधतो. आत पलंग, मागच्या बाजूला शेगडी, आणि पुढे कापडी मांडव."

मी म्हटलं, "ट ला र जोडला म्हणून टेलरचा ट्रेलर होत नसतो हो."

एरवी माझ्या अशा बोलण्यावर ते निदान मिशीत तरी हसतात. त्या दिवशी हसले नाहीत. मास्तर हसले नाहीत की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

आता हे खूळ कशापायी, ते सांगते. दरवर्षी लग्नसराईची कामं उरकली की मास्तर दुकानाला कुलूप लावायचे आणि आमची जुनी जीप काढायचे. डांबरी रस्ता संपला की दगडधोंड्यांची वाट लागते, तिच्यावरून हाडं खिळखिळी होईपर्यंत गेलं की वर एक तळं आहे. तिथे बघायला काही नाही. पाणी, खडक आणि एका अंगाला कललेलं एक झाड. आम्ही तंबू ठोकायचो आणि काही न करता पडून राहायचो. मला ती जागा माहेराहून जास्त आवडते, हे फक्त माझ्या भावाला सांगू नका.

मग माझे गुडघे गेले. शेवटच्या खेपेला मी तंबूत रात्रभर जमिनीवर झोपले आणि सकाळी उठताच येईना. मास्तरांनी ओढून पाहिलं, तेही धापा टाकायला लागले. शेवटी शेजारच्या तंबूतली दोन धट्टीकट्टी माणसं आली आणि त्यांनी मला काखेत हात घालून पोत्यासारखी उचलली. त्यातला एक म्हणाला, "सावकाश हं आजी." त्याला स्वतःलाच टक्कल पडलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या वाटेवर मी मास्तरांना स्पष्ट सांगितलं, यापुढे मी यायची नाही. तुम्हाला जायचं तर खुशाल जा.

ते काही गेले नाहीत. लग्नसराई संपायची, मास्तर अंगणात जाऊन जीप पुसायचे आणि परत मशीनवर येऊन बसायचे. जीपची काच अशी चकचकीत, की शेजारपाजारचे लोक तिच्यात भांग पाडायचे.

ट्रेलरची सुरुवात झाली ती मापं घेण्यापासून. मास्तरांच्या गळ्यात टेप असतोच, पण आता तो टेप घरभर फिरायला लागला. जेवणाच्या टेबलाची खुर्ची, दिवाणखान्यातला सोफा, दुकानातलं गिऱ्हाइकांचं बाकडं, सगळ्यांची जमिनीपासूनची उंची घेऊन झाली. मी कुठे बसले की हे हळूच आसपास घुटमळणार, आणि मी उठताना तिरक्या नजरेने बघणार. एकदा दवाखान्यात माझा नंबर यायच्या आत यांनी खिशातून टेप काढला आणि मी बसले होते त्या बाकाचं माप घेतलं. समोरच्या बाईंनी मला विचारलं, "फर्निचरचं काम करतात का?" मी म्हटलं, "नाही हो, डोक्याचा त्रास आहे."

मला कळत होतं सगळं. मी कुठून कोणाचा हात न धरता उठू शकते, ते माप त्यांना हवं होतं. सकाळचं वेगळं आणि संध्याकाळचं वेगळं, कारण संध्याकाळी माझे गुडघे जास्त कुरकुरतात. मी मुद्दाम तरतरीत उठायचे आणि मग आत जाऊन दाराला टेकून उभी राहायचे.

शेवटी एकदा कांदा चिरता चिरता मी अट घातली. "येईन, पण एकदाच. आणि तिथे मला कोणी हात लावायचा नाही. माझी मी उठले तर राहू, नाही उठले तर तसंच परत फिरायचं. मग हा विषय कायमचा बंद."

"बरं," मास्तर म्हणाले.

एकदाच, असं मी का म्हटलं, ते मी त्यांना सांगितलं नाही. गुडघे काही मागे जात नसतात. यंदा जमलं तर पुढच्या वर्षी जमेलच असं नाही. त्यापेक्षा एकदा ते पाणी डोळे भरून बघावं, यांचीही हौस फिटावी, आणि लोकांनी उचलायची वेळ येण्याआधी आपण होऊन थांबावं, असा माझा हिशोब होता.

लोखंडाचं काम माझ्या धाकट्या भावाकडे दिलं. तो गेटं, ग्रिल, जिने असली कामं करतो आणि स्वतःला इंजिनियरच्या वरचा समजतो. त्याने सांगाडा झकास केला. जीपचीच चाकं बसतील असा आख घातला, म्हणजे जादा चाक दोघांनाही चालावं. वरची पेटी मात्र मास्तरांनी स्वतः करायची ठरवली. प्लायवूडचे तक्ते अंगणात आडवे टाकले आणि खडूने आखायला बसले. शिलाईच्या खडूने. मी गॅलरीतून म्हटलं, "कॉलर कुठली ठेवताय, उभी की पडकी?"

इथे आमच्या धंद्यातला एक शब्द सांगायला हवा. कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला म्हणतात माया. पोर उंच झालं, माणूस सुटला, की उसवायचं आणि मायेतलं कापड बाहेर काढायचं. मास्तर माया सोडण्यात उदार. त्यांनी शिवलेली पँट तीन पोटं बघते, असं गिऱ्हाईक म्हणतं.

तर या सद्गृहस्थांनी प्लायवूडलाही माया सोडली. प्रत्येक फळीला, चारी बाजूंनी. हात चालतोच तसा, डोक्याला विचारतोय कशाला? पेटी उभी राहिली, देखणी दिसली, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ती सांगाड्यावर ठेवली. दोन्ही चाकं पेटीत रुतून बसली. ट्रेलर पुढेही जाईना आणि मागेही येईना.

भावाने सांगाडा मोजला, पेटी मोजली आणि कपाळाला हात लावला. "भाऊजी, लोखंडाला माया नसते."

"लाकडाला असते," मास्तर म्हणाले, पण त्यात दम नव्हता.

"मग काय करायचं? आत दुमडायचं?"

मी हसून हसून गॅलरीच्या कठड्याला धरून राहिले. भाऊ म्हणाला, पेटी कापा. मास्तर कापायला तयार नाहीत. कापलेलं परत जोडता येत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा धडा. दोघांनी चहाचे कपच्या कप रिकामे करून वाद घातला आणि शेवटी भावाने आख मधे कापून, तुकडा जोडून लांब केला. मग ट्रेलर इतका रुंद झाला की अंगणाच्या गेटातून बाहेर निघेना. ते गेटही भावानेच केलेलं. त्याचा एक खांब त्याने स्वतःच्या हाताने कापून काढला, आणि कापताना जे काही पुटपुटत होता ते माझ्या नवऱ्याबद्दल होतं एवढं मला कळलं.

जाताना तो माझ्याकडे तक्रार करून गेला. "ताई, पलंगाच्या पट्ट्यांनाही यांनी भोकंच भोकं पाडून घेतलीत माझ्याकडून. बोल्ट एक आणि भोकांची रांग. कशाला म्हणून विचारलं तर नुसते गप्प. तू जरा लक्ष ठेव यांच्यावर."

मी म्हटलं, "काजं असतील. बटणं नंतर लावतील."

मांडव मात्र मास्तरांनी असा शिवला की त्याला कोणी नाव ठेवू शकलं नसतं. जाड ताडपत्री, दुहेरी शिवण, कोपऱ्यांना चामड्याचे तुकडे. पेटीत पलंग बसवून झाल्यावर ते म्हणाले, "एकदा बसून बघ." भाऊ तिथेच उभा होता, समोरच्या वहिनीही गेटाच्या भगदाडातून डोकावत होत्या. मी म्हटलं, "आता नाही. परीक्षा तिथे गेल्यावर." एवढ्या लोकांदेखत मी नापास होणार नव्हते.

निघालो. डांबरी रस्ता संपला तसे मास्तर समोर कमी आणि आरशात जास्त बघायला लागले. मागे ट्रेलर दगडांवरून डुलत येत होता. प्रत्येक खड्ड्याला हे विचारत, "आला का?" आणि मी सांगे, "नाही, घरी गेला." वरवर मी थट्टा करत होते, पण मला सारखे ते लोक आठवत होते, काखेतले हात आठवत होते. इथवर येऊन परत फिरावं लागलं तर यांचं तोंड बघायचं कसं, हे मला समजत नव्हतं.

तळं तिथेच होतं. झाड आणखी थोडं कललं होतं, माझ्यासारखंच. मास्तरांनी मांडव ताणला, ट्रेलरचं दार उघडलं आणि बाजूला झाले. मी पलंगाच्या कडेला बसले. पाय जमिनीला नीट टेकले.

"तिकडे बघा," मी म्हटलं.

ते पाठमोरे झाले, हात मागे बांधून तळ्याकडे बघत राहिले. दोन्ही मुठींत टेप घट्ट धरला होता. मी गुडघ्यांवर हात ठेवले, पुढे झुकले आणि उठले. कुठे धरलं नाही, की कुठे अडलं नाही. घरातल्या कुठल्याच खुर्चीवरून मी इतकी सहज उठत नाही.

"उठलीस का?" त्यांनी न वळताच विचारलं.

"कधीच."

त्यांनी टेप गळ्यात टाकला आणि शेगडी पेटवायला गेले. पाठ माझ्याकडेच होती, पण डोळे पुसतात ते पाठीवरूनही कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा चष्मा पलंग आणि पेटीच्या मध्ये पडला. तो काढायला मी कडेवर वाकले आणि मला ती पट्टी दिसली, भावाने भोकं पाडलेली. पलंगाचा बोल्ट सगळ्यात खालच्या भोकात होता. त्याच्या खाली एकही भोक नव्हतं. वर मात्र सारख्या अंतराने रिकामी भोकं, पार गादीच्या वरपर्यंत.

"अहो," मी हाक मारली, "ही भोकं कशाला?"

मास्तर चहा ओतत होते. "माया," म्हणाले.

"लोखंडाला?"

"लोखंडाला नाही." कप माझ्या हातात देत ते म्हणाले, "गुडघे आणखी कुरकुरायला लागले की पलंग एक भोक वर घ्यायचा. मग आणखी एक. पोरांच्या कपड्यांना खालून सोडतात, तुला वरून सोडलीय."

मी एकदाच म्हटलं होतं, आणि या माणसाने 'बरं' म्हटलं होतं. 'बरं' म्हणून माझ्या पुढच्या सगळ्या दुखण्यांची मापं घेऊन ठेवली होती, आणि त्या प्रत्येक दुखण्याला इथे आणायचं ठरवून टाकलं होतं. मला रडू आलं. ते लपवायला मी चष्मा शोधत बसले, आणि तो माझ्या हातातच होता.

मग मी बोटाने भोकं मोजली. एकदा वरून, एकदा खालून.

"कमी पडतील," मी म्हटलं. "परत गेलो की भावाला आणखी दोन पाडायला सांगा."