पाव मिलिमीटर मोकळं

रहीमचाचांनी काच बसवलेली कडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आपट."

"काय?"

"आपट फरशीवर. काच निघाली तं लेथ विकून टाकतो."

घुग्घुसमध्ये आमच्या घरामागेच चाचांचं वर्कशॉप. कोळशाच्या ट्रकांचे आणि कन्व्हेअरचे सुटे भाग ते तिथे बनवतात. शाळेत असताना मी व्हर्नियर कॅलिपर वाचायला त्यांच्याकडेच शिकले. म्हणून २००३च्या मे महिन्यात सुट्टीवर आले, तेव्हा माझ्या फिल्टरची कडी करायचं काम मी त्यांनाच सांगितलं.

हिमालयातल्या एका वेधशाळेत देशभरातल्या संशोधकांचा मिळून एक कॅमेरा आहे. त्याच्या आत सहा खाचांचं एक चाक आहे आणि प्रत्येक खाचेत एक रंगीत काच, म्हणजे फिल्टर. त्यातली पाचवी खाच रिकामी होती. धूमकेतूच्या उजेडातला एकच निळसर पट्टा पुढे जाऊ देणारी काच आमच्या संशोधन गटाने खास बनवून घेतली होती. ती त्या खाचेत बसली की सगळ्यांची होणार होती. अट इतकीच, की काचेची कडी आपणच करून आणायची. चाक वर्षातून एकदाच उघडतात, ३० मेला. ती तारीख चुकली असती, तर हिवाळ्यात येणारा धूमकेतू आमच्या काचेविना निघून गेला असता.

खरी काच मी कोळशाच्या धुळीत आणलीच नव्हती. मापासाठी त्याच आकाराची एक साधी काच तेवढी सोबत होती. आता ती कडीत पक्की बसली होती.

"चाचा, ही बसवली कशी?"

"बेअरिंग चढवतो तशी. कडी तेलात गरम केली, काच टाकली, थंडी होऊ देली. झाली फिट."

मी डोक्याला हात लावला. "मी मोकळी ठेवा म्हटलं होतं ना!"

"मोकळी? तीस वरसं झाले, माह्या हातचं काम कुठी खुळखुळलं नाई. आन् दिव्यानीबाई, तुह्याच कामात ढिलाई करू?"

वही काढून मी हिशेब मांडला. इथे पत्र्याखाली चव्वेचाळीस अंश, तिकडे हिवाळ्यात उणे वीस. तेवढ्या थंडीत ॲल्युमिनियमची कडी काचेपेक्षा अर्धा दशांश मिलिमीटर जास्त आकसणार.

चाचांनी वहीत पाहिलं. "इथी पॉइंट चुकला तुहा."

चुकलाच होता. अर्धा दशांश म्हणजे ०.०५, मी ०.५ लिहिलं होतं.

"पाच शतांश," मी म्हणाले. "तरी काच जाईल."

"केसाएवढ्यानं? कागदावर कायबी फुटते, बाई. दाखव."

मग बर्फाच्या फॅक्टरीतून अर्धी लादी आणली. चाचांच्या बायकोने, शमीमचाचींनी, मिठाचा अख्खा पुडा दिला आणि विचारलं, "आइसक्रीम करून राह्यले का दोघं?" बर्फ फोडला, मीठ घातलं, कडी पिशवीत बांधून घमेल्यात पुरली. चाचा बिडी पेटवणार एवढ्यात घमेल्यातून बारीक आवाज आला. टक्.

काचेला काठापासून काठापर्यंत तडा गेला होता.

चाचांनी ती उजेडात धरली. "थंडं होऊन बेअरिंग असंच पकडते म्हणून तं मी गरम करून चढवतो," ते हळूच म्हणाले. "मलेच समजाले पायजे होतं." मग एकदम माझ्याकडे वळून, "आता माप घ्याले काच कुठी आहे?"

"दुसरी नाही. ड्रॉइंगच आहे फक्त."

"किती मोकळं?"

"चारी बाजूंनी पाव मिलिमीटर."

"पाव!" त्यांनी कपाळ पुसलं. "थे तं वाजन खुळखुळ्यासारखं."

दोन दिवस ते लेथवरच होते. तिसऱ्या दिवशी नवी कडी आली. आत तीन ठिकाणी घड्याळाच्या स्प्रिंगच्या पातळ पट्ट्या, बोट लावलं की दबणाऱ्या. काच सैल राहणार होती, तरी या पट्ट्या तिला मधोमध धरणार होत्या. हे माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हतं. मला सुचलंच नव्हतं.

"वाजणारबी नाई, आवळणारबी नाई," चाचा म्हणाले. "पण काच टाकून पाह्यली नाई मी. तिकडं काही झालं तं मले फोन नोको करू."

२९ मेला वेधशाळेतल्या अभियंता बाईंनी हातमोजे घालून खरी काच कडीत ठेवली. बसली. रात्रभर ती शीतपेटीत ठेवून त्यांनी सकाळी भिंगाखाली सगळा काठ पाहिला आणि ती पाचव्या खाचेत सरकवली. मग यादीत आमच्या काचेचं नाव लिहिलं.

मी खालच्या गावातून एसटीडी लावला.

"बसली, चाचा. थंडीतही शाबूत आहे."

पलीकडे लेथ बंद झाल्याचा आवाज आला. "मंग आता तू रोज पाहशीन त्यातून?"

"रोज कसं? सगळ्यांची आहे ना. अर्ज करून नंबर लावावा लागतो."

"आपल्याच काचेसाठी नंबर?" चाचा जोरात हसले. "लाव बापा. आन् पुढच्याचा नंबर आला तं त्याले सांग, चाक हळू फिरव म्हणा."