खालचा पत्रा

माझे सासरे मुंजाबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबांना दोनच गोष्टींबद्दल वाईट बोललेलं खपत नाही. एक त्यांची मेंढरं आणि दुसरी त्यांची मारुती व्हॅन. आता मेंढरांनीच व्हॅनची वाट लावली, हे घरात सांगायचं कुणी?

फर्दापूरकडं असताना त्यांनी वर्षानुवर्षं त्या व्हॅनमधून मेंढरं बाजाराला नेली. मागचं सीट काढायचं, खाली पोती अंथरायची आणि मेंढरं कोंबायची. मेंढरं मुतणारच, त्यांचा काय दोष. पण ओली पोती काढून वाळवावीत, पत्रा धुऊन घ्यावा, हे या घरात एकालाही सुचलं नाही. ओल्या पोत्यावर कोरडं पोतं टाकलं की झालं काम. व्हॅन बाहेरून पांढरीशुभ्र राहिली आणि आतून खालचा पत्रा सडत गेला.

आम्ही हर्सूलला राहायला आलो, मेंढरं विकली. माझा नवरा राम, त्याची शेंद्र्याच्या कंपनीतली नोकरी सुटली. घरात बसून सगळ्यांवर खेकसायचा. मग त्यानं व्हॅन शाळेच्या पोरांसाठी लावायचं ठरवलं, तेव्हा मला बरंच वाटलं. गल्लीतल्या बायकांना तो सांगत सुटला, "माझी सोताची पोरगी त्याच गाडीत बसणार हाय. अजून काय पायजे?" आमची प्रांजली यंदा पहिलीत जाणार होती. बायकांचा लगेच विश्वास बसला.

व्हॅन बन्सी डेंटरकडं नेली तेव्हा मीही गेले होते. त्यानं चटई उचलून पत्र्यावर पेचकस टेकवला, तो आरपार गेला.

"रामभाऊ, हे सगळं कापून नवीन पत्रा वेल्डिंग करावा लागंल. चार दिवस गाडी ठेवा."

आबा स्टुलावर बसले होते. "कापायचं कशापायी?"

"मेंढराच्या मुतानं खाल्लाय, आबा."

म्हातारा ताडकन उठला. "माझ्या मेंढरांनी हे घर उभं केलं. लक्ष्मी हाय ती. लक्ष्मी गाडी खाती व्हय रं? पावसानं गंजला आसंल. माझ्या गाडीला कटर लावायचा नाय."

मी रामकडं बघितलं. तो बुटाच्या टोकानं माती उकरत होता. बापासमोर त्याची नेहमीच दातखीळ बसते.

त्यानं शेवटी काय केलं, तर भोकांवर जाळी लावून घेतली, जाळीवर लांबीची पुट्टी भरली, लांबीवर काळा रंग आणि वर नवीकोरी रबरी चटई. बापाचं मन राखलं आणि शाळेची तारीखही गाठली. मी बन्सीला फोन केला तर तो म्हणाला, "वहिनी, मी त्यास्नी सांगितलंय, लांबीवर वजन देऊ नका. गिऱ्हाईकच ऐकंना तर मी काय करू?"

मी रामला म्हटलं, "अहो, पत्रा बदलून घ्या. चार दिवस पोरं रिक्षानं जातील."

"अन् आबाला काय सांगू? तुमच्या मेंढरांनी गाडी खाल्ली म्हणून?"

"आणि एखादं पोर खाली रस्त्यावर पडलं, तर त्याच्या आईला काय सांगाल?"

"तुला वंगाळच सुचतं," म्हणाला आणि निघून गेला. असा संताप झाला माझा. बापाला एक वाक्य बोलायची हिंमत नाही, म्हणून हा माणूस पोटच्या पोरीला त्या भोकांवर बसवायला निघाला होता.

शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी व्हॅनला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. गल्लीतल्या बायका पोरांना घेऊन उभ्या होत्या. द्वारकाबाई तर नातवाला, सत्यमला, आधी चढवायला पुढं सरकल्या. ताट माझ्या हातात होतं. आबांनी नारळासाठी हात पुढं केला.

मी नारळ दिला नाही. ताट खाली ठेवलं, व्हॅनचं दार सरकवलं, चटई बाजूला ओढली आणि दोन्ही हातांनी नारळ पत्र्यावर आपटला. नारळ फुटला नाही. पत्रा फुटला. नारळ खाली रस्त्यावर पडून गडगडत गटारीपाशी गेला.

 बायकांनी एकेक करून आत डोकावून बघितलं आणि आपापलं पोर मागं ओढलं. द्वारकाबाई तेवढ्या म्हणाल्या, "काल सांगायला काय झालं होतं गं? आता रिक्षा कुठून मिळायची?"

त्यानंतर व्हॅन बन्सीकडं गेली, कापली गेली, चांगला जाड पत्रा बसला. आता आबांना कटर कसा चालला, असं कुणीही विचारेल. चालला, कारण रामनं त्यांना सांगितलं, तुमच्या सुनेनं, सुरेखानं नारळ मारून पत्रा फोडला, आता बदलल्याशिवाय इलाज नाही. मेंढरं दोषातून सुटली. बाप खूश, पोरगाही खूश. गल्लीत बायका सांगतात, राम फार काळजी घेणारा माणूस, बायकोनं एवढा तमाशा केला तरी गाडीचं काम मन लावून करून घेतलं.

सगळी पोरं व्हॅननं जायला लागली. आमच्या प्रांजलीनंही दप्तर पाठीला लावलं, तर आबा दारात आडवे आले. "जिनं माझ्या गाडीचा अपशकुन केला, तिच्या पोरीनं गाडीत पाय ठिवायचा नाय."

मी रामकडं बघितलं. तो किल्ली हातात घेऊन बाहेर गेला. प्रांजलीच्या जागेवर त्यानं मागच्या गल्लीतलं एक पोर घेतलं.

आता मी आणि प्रांजली जळगाव रोडच्या कडेनं चालत शाळेत जातो. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात, मी तिचं मनगट घट्ट धरून ठेवते. मागून आमची व्हॅन येते. आतली पोरं तिला हात करतात, सीटवरून खाली उड्या मारून ओरडतात. पत्रा जागचा हलत नाही. प्रांजली "पप्पा, पप्पा" म्हणून हात हलवते. राम समोर बघत गाडी चालवतो.