काचेआडचं धान

तुम्ही त्याला मेंढ्या शिकवल्या. धानाच्या मुलखातलं पोर उचललंत, बोटीत घालून विलायतेला नेलंत, आणि तीन वर्षं मेंढ्यांचे खूर, सलगमाचे कंद आणि लोणी आंबट का होतं हे शिकवून परत आणून सोडलंत. वर त्याचा फोटो छापलात आणि खाली लिहिलंत की या प्रांतातल्या शेतकऱ्यांचं भाग्य उजळलं. हे कुणी ठरवलं ते तुम्ही आजवर सांगितलं नाही. तुमच्या कचेरीत विचारायला गेलं की चपराशी बाबूकडे बोट करतो आणि बाबू छताकडे. पण नुकसान कुणाचं झालं ते नावानिशी सांगता येतं. टिकाराम उदाराम पटले, बोदलकशाच्या तलावातून निघालेल्या नहराखालचं गाव, तहसील तिरोडा.

गावाला तलावाचं पाणी मिळालं आणि धान दुप्पट झालं, हे खरं. पण गाद काही गेली नाही. गाद म्हणजे काय ते तुम्हांला ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून सांगतो. रोवलेलं धान भादव्यात फुटव्यावर येतं. बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, हिरवीगार दिसते, माणूस बांधावर उभा राहून मनातल्या मनात पोरीचं लग्न लावून टाकतो. आणि मग एका सकाळी मधलाच एक फुटवा कांद्याच्या पातीसारखा पोकळ आणि पांढुरका होऊन वर आलेला दिसतो. त्याला लोंब येत नाही. पोटात किडा बसलेला असतो. एक दिसला की समजायचं, शंभर आहेत.

टिकारामचा बाप उदाराम साधा माणूस, पण त्याचा हिशेब पक्का होता. ज्यांनी दोन टेकड्यांच्या मधे पाळ घालून एवढं पाणी अडवलं, ते विलायतेचे. मग ज्यांना एवढं पाणी अडवता आलं, त्यांना सुईच्या टोकाएवढा किडा अडवता येत नसेल? इलाज तिकडे असलाच पाहिजे. फक्त कुणीतरी जाऊन आणायला हवा.

टिकाराम नागपूरला शेतकीच्या परीक्षेत पहिला आला आणि सरकारनं विलायतेची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा उदारामला त्यात नवल वाटलं नाही. निवड करणाऱ्या साहेबांनी विचारलं होतं, काय शिकायचंय? टिकाराम म्हणाला, धानावरची गाद. साहेबांनी माना डोलावल्या. त्या डोलावलेल्या मानांवर सगळं गाव विसंबलं.

"जाय बेटा," उदाराम तिरोड्याच्या फलाटावर म्हणाला होता. "तिकडं काय खाशीन, कोठी निजशीन, ते मी नाई पुसत. गादेचं औषध तेवढं घेऊन ये."

विलायतेतलं विद्यापीठ थंड मुलखात होतं. पहिल्याच आठवड्यात टिकारामला एका खोलीत बसवून छापील कागद दाखवला गेला. वसाहतींतून आलेल्या विद्यार्थ्यांना कोणते अभ्यासक्रम खुले आहेत, ते त्यावर होतं. मेंढीपालन. दुभती जनावरं. मुळांची चाऱ्याची पिकं. दारूसाठीचा सातू. टिकारामनं कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"धान?" त्यानं विचारलं.

कारकून म्हातारा आणि सभ्य होता. तो म्हणाला, उष्ण देशांतल्या पिकांचा अभ्यासक्रम आहे ना, याच इमारतीत आहे, वरच्या मजल्यावर. त्यात धान आहे, कापूस आहे, ऊस आहे.

"मग मला तोच द्या."

"तो तुमच्यासाठी नाही," कारकून म्हणाला. "तो तिकडे अधिकारी म्हणून जाणाऱ्यांसाठी आहे."

झालं. धान शिकायचं तर आधी गोऱ्या आईच्या पोटी यावं लागत होतं. टिकारामनं तीन अर्ज केले, तिन्हींना सारखंच उत्तर आलं. परत जातो म्हणाला, तर तीन वर्षं पुरी करण्याचा करारनामा दाखवला. तो मेंढ्यांच्या वर्गात जाऊन बसला.

त्या वर्गात त्याला कुणी वाईट वागवलं नाही, हेही सांगतो. वागवलंच नाही. सकाळी चांगली हवा आहे म्हणायचे, संध्याकाळी हवा वाईट आहे म्हणायचे, आणि मधे कुणी काही बोलायचं नाही. खोलीची मालकीण दाराबाहेर ताट ठेवून जायची. आठ-आठ दिवस त्याच्या तोंडून 'आभारी आहे' याखेरीज दुसरा शब्द निघत नसे. मग तो खोलीत बसून स्वतःशीच गावच्या बोलीत बोलू लागला, आवाज राहावा म्हणून.

इमारतीच्या मागे एक काचघर होतं. आत शेगडी जळायची आणि काचांवर आतून वाफ धरायची. पहिल्या हिवाळ्यात बर्फातून चालता चालता त्यानं सहज आत पाहिलं, आणि तो तिथंच थांबला. आत तीन कुंड्यांत धान होतं. वरच्या मजल्यावरच्या पोरांना दाखवायला लावलेलं. पातळ, पिवळट, आजारी पोरासारखं, पण धान. दाराला कुलूप होतं. त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी तिथं जाऊन उभा राहू लागला. नाक काचेला टेकायचं, श्वासानं काच धुरकट व्हायची, ती बाहीनं पुसायची, पुन्हा बघायचं. पहारेकऱ्यानं एकदा हटकलं, काही हरवलंय का? टिकाराम म्हणाला, नाही. दुसरं काय सांगणार?

दुसऱ्या वर्षी बापानं टपालानं एक बांबूची नळी धाडली. आत गादेचे वाळलेले फुटवे होते. टिकाराम ती घेऊन वरच्या मजल्यावर गेला. दारातल्या माणसानं नळी हातातही घेतली नाही, तुमच्या वर्गाच्या शिक्षकांना दाखवा म्हणाला. मेंढ्यांचे शिक्षक भले गृहस्थ. त्यांनी चष्मा लावून फुटवे उलटेपालटे करून पाहिले आणि आस्थेनं विचारलं, "तुमच्याकडे हे मेंढ्या खातात का?"

तो परतला तेव्हा श्रावण होता, धानाचा रोवणा चालू होता. तिरोड्याला उतरवून घ्यायला चार गाड्या आल्या होत्या. घरी माय जमुनाबाईनं गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराकडून खुर्ची मागून आणून ठेवली होती. बाकीचे सगळे खाली जेवायला बसले आणि तो खुर्चीत, मांडीवर ताट घेऊन, सगळ्यांच्या डोक्यांकडे बघत जेवला.

"माय, मी खाली बसतो ना."

"बस गा तेथीच," माय म्हणाली. "कपडे खराब होतीन."

दुसऱ्या दिवशी तो बांधीवर गेला. वाकून रोवणाऱ्या बायांचं गाणं त्याला पार नहरापासून ऐकू येत होतं. तो जवळ गेला तसं ते थांबलं. बाया पदर सावरून उभ्या राहिल्या. त्यानं बूट काढायला घेतले, तर लहानपणी त्याच्यासोबत म्हशीवर बसून तलावात उतरणारा केवळराम धावत आला.

"साहेब, साहेब! तुमी कायले उतरून राहिले चिखलात? तुमी फक्त पाहा."

"साहेब कोनाले म्हणतोस बे, केवळ्या?"

केवळराम हसला, पण अंतर राखून. "आता म्हणाच लागते ना, बाप्पा."

टिकाराम बांधावर उभा राहिला. तो निघून गेल्यावर मागं पुन्हा गाणं सुरू झालेलं त्याला ऐकू आलं.

सरकारनं त्याला कामही दिलं. जनावरांचं शिकून आलाय म्हणून तहसिलीतले कोंडवाडे तपासायला लावलं. चुकार गाई मोजायच्या, सही करायची. रविवारी तो घरी यायचा. बाप रोज कुणाला ना कुणाला सांगायचा, यंदा गाद येऊ दे, माहा पोरगा बसला आहे. टिकारामनं दोनदा खरं सांगायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा बाप इतका खुशीत होता की त्याच्यानं बोलवलं नाही.

भादवा आला आणि गाद आली. शनिवारी संध्याकाळी टिकाराम घरी पोचला तेव्हा बाप ओसरीवर वाट पाहत होता.

"उद्या सकाळी सारे येऊन राहिले," बाप म्हणाला. "टेकडीपलीकडचेबी. तू काय सांगायचं ते ठरवून ठेव."

सांगण्यासारखं त्याच्याकडे होतं, हेच वाईट होतं. सलगमाच्या पानांवर किडा पडला की तिकडे चुना आणि काजळी फुंकतात. तेवढं म्हटलं असतं तरी लोकांनी दुपारपर्यंत घराघरातली काजळी खरवडून आणली असती. धान गेलं असतं, तर दोष काजळीला लागला असता, चुन्याला लागला असता, नशिबाला लागला असता. साहेबाला कधीच लागत नाही. ही युक्ती तो तिकडे शिकला नव्हता. ती इथल्या कचेऱ्यांत फुकट शिकायला मिळते.

सकाळी बांधावर माणसं गोळा झाली. उदारामनं चिखलात उतरून एक पोकळ फुटवा उपटला आणि पोराच्या हातात दिला. टिकारामनं फुटवा चिरला. आतला किडा नखावर आला.

"मले याचा इलाज माहीत नाई," तो म्हणाला.

कुणाला वाटलं तो थट्टा करतोय.

"मंग तीन साल शिकला काय गा?" मागून एक म्हातारा ओरडला.

"मेंढ्या."

केवळराम म्हणाला, "म्हणजे आमाले हाकायले शिकून आला म्हणाचा!" आणि बांधावर असं हसू फुटलं की नहरावरचे बगळे उडाले. लोक हसत हसतच पांगले. उदाराम हसला नाही. तो चिखलात उभा होता, उतरला तिथंच.

घरी आल्यावर बापानं चिखलाचे पाय धुतले. मग म्हणाला, "मी नळी धाडली होती. कोनाले दाखवली?"

"दाखवली, बाबूजी. त्याईनं पुसलं, मेंढ्या खातेत का."

उदारामनं मान हलवली. "तरी तू काई तरी सांगून द्याचं होतं. चुना सांगाचा, राख सांगाची. धान तं गेलंच होतं. माहं तोंड तं राह्यलं असतं."

"खोटं सांगू?"

"मंग खरं सांगून कोनाचं पोट भरलं?"

दुसऱ्या दिवशी खुर्ची मालगुजाराकडे परत गेली. टिकाराम खाली जेवायला बसला, तसा बाप आपलं ताट उचलून ओसरीवर गेला. मायनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि ती चुलीकडे तोंड करून बसली.

त्यानंतरचे रविवार फार लांब होते. गावात कुणी त्याला साहेब म्हणेना आणि टिकारामही म्हणेना. समोरून आला की लोक बैलाशी बोलायला लागत. तो तलावाच्या पाळीवर जाऊन बसायचा. समोर एवढं पाणी, पलीकडे डोंगर, खाली नहराच्या दोन्ही बाजूंना पांढरट पडत चाललेलं धान. तिकडे असताना त्याला वाटायचं, मधे फक्त एक काच आहे. घरी गेलो की संपेल. आता काच नव्हती. हात लावायला धान होतं, आणि त्यात उतरण्याचं तोंड त्याला राहिलं नव्हतं.

आश्विनात शेतकी खात्याचे बडे साहेब नहराच्या पाहणीला आले. बोदलकशाच्या सरकारी बंगल्यापुढे मांडव घातला, कोतवालानं गावोगाव फिरून माणसं गोळा केली. टिकारामला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं, कोट घालून. उदाराम शेवटच्या रांगेत, गुडघे पोटाशी घेऊन.

साहेब इंग्रजीत बोलत होते आणि तहसिलीतला मुन्शी एकेक वाक्य मराठीत उलटून सांगत होता. सरकारनं पाणी दिलं. सरकार आता विद्याही देत आहे. हा पाहा तुमच्याच मातीतला तरुण. साहेबांनी टिकारामकडे हात केला आणि हसून पुढचं सांगितलं. मुन्शी म्हणाला, "साहेबबहादूर सांगतात, तेही त्याच विद्यापीठात शिकले. त्यांनी उष्ण देशांतल्या पिकांचा अभ्यास पुरा केला आहे. धानाचा सुद्धा."

टिकाराम उभा राहिला. कुणी त्याला उभं राहायला सांगितलं नव्हतं. शेजारचा पटवारी कोट ओढून म्हणाला, "बैठ जाओ, भाई, नोकरी जाएगी." त्यानं कोट सोडवून घेतला.

"साहेब," तो गावच्या बोलीत म्हणाला, मागच्या रांगेपर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं, "तुमी ज्या वर्गात धान शिकले, त्या वर्गाच्या दारातून मले परत धाडलं. कारण मी धानवाल्याचा पोरगा. मले मेंढ्या देल्या. आता मी तुमालेच पुसतो, तुमी शिकून आले ना? या मागं बसलेल्या लोकाईच्या बांध्याईत गाद पडली आहे. तिले काय करायचं?"

मुन्शी घाम पुसत म्हणाला, "हे मी सांगणार नाही."

"नको सांगू." आणि टिकारामनं तेच सगळं शब्दाशब्दानं इंग्रजीत म्हटलं. तीन वर्षांत त्या भाषेत तो इतकं कधीच बोलला नव्हता.

साहेबांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त त्यातलं हसणं गेलं. त्यांनी तहसीलदाराकडे पाहिलं. तहसीलदारानं मुन्शीकडे. टिकारामनं मागं वळून पाहिलं. केवळराम जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. बाप मान खाली घालून गुडघ्यांकडे बघत होता. कुणी उठलं नाही. कुणी उठणार नव्हतं.

तो पुन्हा साहेबांकडे वळला.

"इलाज माहीत असन तं सांगा," तो म्हणाला. "माहीत नसन तं तेही सांगा, मी सांगितलं तसं, साऱ्याईसमोर. आन मंग हे सांगा का तुमालेच माहीत नाई, तं ते दार आमाले काऊन बंद केलं? कोनं केलं? नाव सांगा त्याचं. मी बसत नाई, साहेब. सांगा."