सातव्या पिढीचा हेवा

मी मूळ बोलतोय. माझ्या कुपीवर निळ्या शाईत ‘मूळ’ एवढंच लिहिलंय. मी एक प्रथिन. खोटं कशाला सांगू, पोटातली जळजळ बाहेर काढायलाच बसलोय.

माझा जन्म एका तळ्याच्या गाळातला. तिथल्या जीवाणूच्या पोटात मी एकच काम करायचो, अन्नातला एक ठरावीक घटक फोडायचा. काही माणसांच्या शरीरात हे काम करणारं जन्मतःच कुणी नसतं. त्यांनी साधं दूध प्यायलं तरी तो घटक रक्तात साठतो आणि मेंदूला इजा करतो. प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या बाईंचा धाकटा भाऊ अशांपैकी. म्हणून बाईंनी मला शोधून प्रयोगशाळेत आणलं. पहिल्याच दिवशी मी नळीतला घटक असा फोडला, की बाईंनी स्टुलावरून उठून टाळ्या वाजवल्या. माझ्या वाट्याला आलेल्या टाळ्या तेवढ्याच.

कारण दुसऱ्या दिवशी मला माणसाच्या अंगाइतक्या उबेत ठेवलं, आणि अर्ध्या तासात मी ढेपाळलो. गारव्यात वाढलेला जीव, करणार काय?

मग बाईंनी माझे वारस घडवायला घेतले. ज्या जनुकावरून मी बनतो, त्याच्या हजारो नकला काढायच्या आणि त्या काढताना मुद्दाम थोड्या चुका होऊ द्यायच्या. प्रत्येक चुकीतून जरा वेगळं प्रथिन. शहाण्णव खळग्यांच्या प्लेटीत एकेकाला बसवायचं, तापवायचं आणि माझं काम त्याला द्यायचं. जमलं तर खळगा पिवळा होई. बहुतेक होत नसत, आणि मला बरं वाटे. जो सगळ्यात पिवळा, त्याच्या जनुकाच्या पुन्हा नकला, पुन्हा चुका, पुन्हा निवड.

पाचव्या पिढीत एक निघाला. दोन दोन दिवस टिकायचा. बाई त्याला ‘राजा’ म्हणायच्या. मला कधी कुणी लाडाने हाक मारली नाही. यंत्रं सांभाळणारे काका विचारायचे, “मुळापेक्षा किती पट?” बाई म्हणायच्या, “शंभराच्या आसपास!” त्याची उंची मोजायची माझ्याशेजारी उभं करून, आणि ठेंगू ठरायचं मी!

एका सकाळी राजाची कुपी गढूळ दिसली. त्याचे गोळे झाले होते. असलं औषध टोचलं तर रोग्याच्या जिवावरच बेतायचं. बाईंनी कुपी उजेडात दोनदा धरून बघितली आणि खाली ठेवली. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हो, फुटल्या.

“दोन वर्षं पाण्यात गेली,” काका म्हणाले. “भावाला काय सांगणार, बाई?”

“काका, लहानपणी मला त्याचा भयंकर राग यायचा,” बाई म्हणाल्या. “आई दिवसभर त्याचंच ताट मोजत बसायची. मी जेवले का, कुणी विचारायचं नाही. एकदा मी मुद्दाम त्याच्यासमोर बसून आइसक्रीम खाल्लं, चाटूनपुसून. तो नुसता बघत राहिला. आईला सांगितलंसुद्धा नाही हो त्यानं.”

काकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. बाई दोन घोट प्यायल्या आणि म्हणाल्या, “मुळाकडे जाऊ. पुन्हा पहिल्यापासून.”

मला वाटलं, आली माझी वेळ! कसली वेळ? त्यांना मी नको होतो, माझी नवी पिलावळ हवी होती. या खेपेला जे टिकायचे पण गोळे धरायचे, त्यांना बाई लगेच बाद करत. तीन वर्षांनी सातव्या पिढीतला एक उरला. काकांनी त्याचं नाव ठेवलं ‘धाकटा’. आठवडाभर तो उबेत काम करी आणि कुपी काचेसारखी नितळ. मी त्याच्यात खोट शोधत राहिलो. सापडली नाही.

पुढे तपासण्या झाल्या, आणखी वर्षं गेली. मग एका रुग्णालयाने धाकटा देऊन बघायला माणसं निवडली. त्यात बाईंना बोलायची मुभा नव्हती, तरी त्यांच्या भावाचं नाव आलं.

परवा तो भाऊ प्रयोगशाळेत आला. पस्तिशीचा असेल. काकांनी दिलेला दुधाचा चहा त्याने सहज पिऊन टाकला, आणि बाई त्या रिकाम्या कपाकडे बघतच राहिल्या.

“ताई, यातला सगळ्यात पहिला कुठला गं?” त्याने विचारलं.

बाईंनी मला बर्फात ठेवून त्याच्यापुढे आणलं.

“याचं नाही जमलं?”

“अर्धा तास टिकायचा.”

“अर्धा तर अर्धा. तेवढ्यात काम केलं ना?”

“चोख केलं.”

इतक्या वर्षांचा राग माझा उतरत आला होता. तेवढ्यात तो म्हणाला, “बरं, आता तो धाकटा दाखव.”

सध्या मी फ्रीजरच्या तळाच्या कप्प्यात असतो. धाकटा माणसांच्या रक्तात हिंडतो. हेवा गेला असं म्हणणार नाही. बाई, एकच विनंती आहे. उद्या तुम्ही आठवी, नववी पिढी काढाल आणि धाकटाही मागे पडेल. तेव्हा त्याची कुपी माझ्या शेजारी ठेवा. मला त्याला दोन शब्द सुनावायचे आहेत.

कुठले, ते मात्र अजून ठरत नाही.