रिकाम्या खोलीतला विषय

व्हरांड्यातल्या तिसऱ्या खिडकीखाली एका फरशीला खळगा होता. बशीएवढा. त्यावर पट्टी आडवी ठेवली तर पट्टीखालून दोन पोस्टकार्डं एकावर एक सरकायची, तिसरं अडकायचं. फरशी पुसल्यावर बाकीचा व्हरांडा केव्हाच वाळायचा, पण तेवढ्या गोलात पाण्याचा पापुद्रा राहायचा आणि त्यात खिडकीची चौकट उलटी दिसायची. चालणाऱ्या पायांनी दगड झिजतो तो लांबट, जाण्याच्या दिशेनं. हा खळगा गोल होता. म्हणजे इथे माणसं चालली नव्हती, उभी राहिली होती. ताटकळत, टाचा फिरवत, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत.

ती माणसं कोण, हे दगडबाईंना शोधावं लागलं नाही. त्यांतल्या एक त्या स्वतःच होत्या.

दगडबाई हे नाव आर्किटेक्टनं पाडलेलं. जुन्या वास्तूंबद्दल सरकारला सल्ला देणाऱ्या त्या मंडळावर एक आर्किटेक्ट होते, एक इतिहासाचे प्राध्यापक होते, अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश होते, आणखी दोघंतिघं होते. आणि दगड कशानं आजारी पडलाय, अजून किती तग धरेल, हे सांगायला या बाई होत्या. खिशातून भिंग काढायचं, भिंतीला नाक लावायचं आणि दोन वाक्यांत निकाल द्यायचा, अशी त्यांची रीत.

"भिंतीशी बोलता तेवढं आमच्याशीही बोलत चला," आर्किटेक्ट म्हणायचे.

"भिंत मधेच तोंड घालत नाही," त्या म्हणायच्या.

मंडळ ज्या इमारतीत बसायचं ती एकेकाळी मापं तपासायची कचेरी होती. व्यापारी आपापले गज घेऊन यायचे आणि मोठ्या खोलीच्या भिंतीत बसवलेल्या पितळी पट्टीशी ताडून बघायचे. व्यापारी गेले, गज गेले, पट्टी राहिली. दुपारी उन्हाचा कवडसा तिच्या एका टोकाला लागायचा आणि मुंगीच्या चालीनं दुसऱ्या टोकाकडे निघायचा. बैठका दुपारीच व्हायच्या. बोलताबोलता कुणाची तरी नजर त्या कवडशावर जायची, मग दुसऱ्याची, आणि सगळी खोलीच क्षणभर संथ पाण्यात बुडाल्यासारखी व्हायची.

प्रत्येक बैठकीचा शेवटचा विषय एकच असायचा: ही इमारत जतन करावी का? तो वाचून झाला, की सगळे सदस्य एकदम उठायचे आणि रांगेनं व्हरांड्यात जायचे. कारण मंडळाचा नियमच तसा होता. ज्या वास्तूत ज्याचा काही हितसंबंध असेल, त्यानं तिची चर्चा चालू असताना खोलीत थांबायचं नाही. आणि या वास्तूत तर सगळ्यांच्याच खुर्च्या होत्या.

"चला दगडबाई, उठा. तुमचा हितसंबंध उतू चाललाय," आर्किटेक्ट म्हणायचे.

मग सगळे खिडकीशी उभे राहायचे. प्राध्यापक गुडघ्यांबद्दल बोलायचे. आत, रिकाम्या खुर्च्यांसमोर, एकटे सचिव बसलेले असायचे, कारण सचिव सदस्य नसतो. ते खुर्च्यांना विचारायचे, "कुणी मत मांडणार आहे का?" खुर्च्या काही बोलायच्या नाहीत. कवडसा पट्टीच्या टोकाला पोचला की सचिव घंटी वाजवायचे, सगळे आत यायचे आणि विषय पुढच्या बैठकीवर जायचा. हिवाळ्यात कवडसा रेंगाळायचा आणि मंडळी बाहेर कुडकुडत उभी राहायची. असं हे भिजत घोंगडं किती वर्षं पडलं होतं, ते खळग्यालाच विचारावं.

आता मात्र ते वाळायची वेळ आली होती. मागच्या अंगाला मंडळासाठी नवी इमारत उभी राहिली होती, तिच्यापुढे गाड्या लावायला जागा हवी होती, आणि ती जागा म्हणजे ही जुनी कचेरी. इथली एक बैठक उरली होती. ती झाली की सामान हलणार, आणि मग हातोडे.

नव्या इमारतीच्या उद्घाटनासाठी मंडळाचा छोटासा इतिहास लिहायचं काम दगडबाईंच्या गळ्यात पडलं होतं. त्या तो रोज थोडा थोडा लिहीत होत्या, आणि लिहिता लिहिता त्यांना वाटायचं, की हे सगळं आपण कधीतरी झोपेत पाहिलंय. एका सकाळी सरकारनं रस्त्याच्या खडीसाठी एक जुना पूल फोडला. दुपारी नदी पार करायला निघालेले लोक काठावर येऊन नुसतेच उभे राहिले. त्या शरमेतून मंडळ जन्माला आलं. त्याच्या हाती अधिकार दिला नाही, फक्त बोलणं दिलं. पहिल्या अध्यक्षांची नजर अधू होती. त्यांनी ठरवलं की ठराव मोठ्यानं उच्चारला तरच ठराव, आणि तो व्हरांड्यात उभ्या असलेल्या नागरिकांनाही ऐकू गेला पाहिजे. एका सदस्यानं सासऱ्यांचं घर जतन करून घेतलं आणि स्वतःच तिथे राहायला गेला, तेव्हा हितसंबंधाचा नियम आला. मंडळानं एक धान्याचं कोठार वाचवलं, एका दीपगृहाचा गोल जिना वाचवला. एक नाट्यगृह वाचवता आलं नाही. त्याच्या पडद्याचा दोर अजून कपाटात होता. पण मंडळाचा सल्ला गेला की सरकारचं उत्तर येईपर्यंत त्या वास्तूला कुणी हात लावायचा नाही, एवढं कायद्यात होतं. आणि सरकार उत्तर द्यायला किती वेळ घेतं, हे काय सांगायला हवं? मंडळानं वाचवलेल्या निम्म्या वास्तू त्या उत्तराची वाट बघत उभ्या होत्या.

नव्या इमारतीत दगडबाईंना प्रयोगशाळा मिळणार होती. उत्तरेकडे खिडकी असलेली, दगड कापायच्या यंत्राची, स्वतःच्या सूक्ष्मदर्शकाची. आजवर त्यांनी हे काम कॉलेजच्या एका उसन्या कोपऱ्यात, दुसऱ्यांच्या वेळा सांभाळत केलं होतं. दगडाचा काप काचेवर चिकटवून, घासून घासून केसाहून पातळ केला की त्यातून उजेड आरपार जातो. मग जो दगड हातात नुसता काळा ढेकूळ दिसतो, त्यात निळे, जांभळे, केशरी तुकडे पेटतात आणि काप फिरवला की विझतात. नोकरीला लागल्या दिवसापासून त्यांना अशी एक खोली हवी होती, जिथे "बाई, आवरतं घ्या," असं म्हणायला कुणी येणार नाही. मागच्या आठवड्यात त्या ती बघून आल्या होत्या. ओट्यावरून तळहात फिरवला होता. ओटा अगदी समपातळीत होता.

घरी आत्या होती. लग्न न करता तिनं या भाचीला वाढवलं होतं आणि आताच्या सचिवांच्या आधी कित्येक वर्षं मंडळाचं सचिवपद सांभाळलं होतं. आता ती दिवसातला बराच वेळ झोपेच्या काठावर असायची. बोलायला लागली की पाण्यातून वर आल्यासारखी यायची. पन्नाशी उलटलेल्या दगडबाईंना ती अजून पिल्लू म्हणायची.

त्या संध्याकाळी दगडबाई तिचे केस विंचरत होत्या.

"काय गं पिल्लू, झालं का आपल्या कचेरीचं?"

"कसं होणार आत्या? सगळेच बाहेर. गणसंख्या कुठून आणायची?"

"गणसंख्या?" आत्यानं डोळे उघडले. "ती बैठक सुरू होताना एकदाच मोजायची. मग कुणी उठो, बसो, झोपो. माणसं अर्ध्यातनं चहाला पळायची, म्हणून पहिल्या अध्यक्षांनीच तसं करून ठेवलंय."

दगडबाईंचा कंगवा थांबला. "म्हणजे आत एक जण राहिला असता तरी ठराव झाला असता?"

"झाला असता की."

"मग इतकी वर्षं अडलं कशानं?"

"कशानं म्हणजे? कुणी बसलंच नाही."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"सचिवानं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं बाई. आणि मला विचारणार कोण? शहाणे सगळे बाहेर उभे." आत्या गालात हसली. "आणि खरं सांगू का? तुम्ही सगळे गेलात की ती खोली मोठी व्हायची. खुर्च्या तशाच सरकवलेल्या, कुणाच्या तरी पेल्यात पाणी हलतंय, आणि ते ऊन पट्टीवरनं चाललंय. तेवढा वेळ मी कुणाची आत्या नव्हते, कुणाची सचिव नव्हते. ठराव झाला असता तर ते मला कुठून मिळालं असतं? तेव्हा माझाही हितसंबंधच तो."

दगडबाईंना हसू आलं. त्यांनी पुन्हा कंगवा फिरवायला सुरुवात केली.

"पण बसणार कोण आत्या? आता तर नव्या इमारतीपुढे प्रत्येकाची गाडी लावायची जागासुद्धा ठरलीय."

"ज्याचं इथे काही नाही आणि तिथेही काही नाही, असा कुणीतरी." आत्याचे डोळे परत मिटायला लागले. "असा माणूस मंडळात कुठला आलाय म्हणा..."

ती झोपली. दगडबाई बराच वेळ हातात कंगवा धरून बसल्या. आपली मुदत याच बैठकीबरोबर संपते, हे त्यांना ठाऊक होतं. पुढची मुदत घेणार का, असं अध्यक्ष विचारणार आणि आपण हो म्हणणार, इतकं ते सरळ होतं. हो म्हटलं की उत्तरेची खिडकी. नाही म्हटलं तर बैठक संपेपर्यंत आपण सदस्य, आणि नंतर कुणीच नाही. त्यांनी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या. मोजण्यात चूक नव्हती. चूक असती तर बरं झालं असतं.

बैठकीच्या दिवशी खोलीत खोकी रचलेली होती. भिंतीवरचे फोटो काढल्यामुळे त्यांच्या जागी फिकट चौकोन उरले होते आणि त्या चौकोनांतूनही कुणीतरी बघत असल्यासारखं वाटत होतं. सचिवांनी माणसं मोजली. एकेक विषय झाला. मग अध्यक्षांनी चष्मा वर केला.

"बाई, तुमची मुदत संपतेय. पुढची घेताय, असं धरून चालतो."

"नाही," दगडबाई म्हणाल्या.

"नाही, म्हणजे?"

"पुढची मुदत घेत नाही."

आर्किटेक्ट खुर्चीत सरळ झाले. "अहो, आणि ती प्रयोगशाळा? तुमच्यासाठी मी खिडकी फिरवून घेतलीय. दोन महिने भांडलोय त्या कंत्राटदाराशी!"

"खिडकी चांगली आहे. जो येईल त्याला द्या."

"कुणी काही बोललं का तुम्हाला? मी बोललो असेन तर माझं बोलणं तुम्ही कधीपासून मनावर घ्यायला लागलात?"

"तुमचं नाही घेतलं," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि वर केलेला चष्मा न्यायाधीशाच्या जुन्या सवयीनं परत खाली घेतला. "नोंद घ्या," ते सचिवांना म्हणाले. "शेवटचा विषय."

सचिवांनी तो वाचला. खुर्च्या सरकल्या. सगळे उठले, आणि शेवटचीच खेप म्हणून असेल, नेहमीपेक्षा सावकाश, हळुवार चालीनं दाराकडे निघाले. प्राध्यापकांनी जाता जाता पितळी पट्टीला बोट लावलं. आर्किटेक्ट दारात थबकले.

"दगडबाई, चला. हितसंबंध..." ते म्हणाले आणि थांबले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजाडलं. ते बाहेर गेले आणि दार त्यांनी उघडंच ठेवलं.

खोली मोठी झाली. आत्या म्हणाली होती अगदी तशी. कुणाच्या तरी पेल्यात पाणी हललं आणि स्थिर झालं. धूळ उन्हात तरंगत होती, वर जात नव्हती, खालीही येत नव्हती. कवडसा पट्टीच्या पहिल्या टोकाला लागला आणि निघाला. दगडबाईंना वाटलं, ही खोली घासून घासून इतकी पातळ झाली आहे की आता तिच्यातून उजेड आरपार जाईल, आणि इथे बसून गेलेले सगळे त्यात रंगांसारखे पेटतील.

सचिव मान खाली घालून बसले होते. सवयीनं त्यांनी विचारलं, "कुणी मत मांडणार आहे का?"

"हो."

सचिवांची मान झटक्यात वर आली. "बाई! तुम्ही आत कशा?"

"माझं इथे काही नाही. तिथेही काही नाही. या खुर्चीवरून उठले की मी सदस्यही नाही. नियमात कुठे बसत नसेल तर सांगा."

सचिवांनी मनातल्या मनात नियम धुंडाळले. ओठ हलत होते. "बसतंय," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मंडळ काय ठरवतं?"

दगडबाईंनी सांगितलं. पण इतक्या हळू, की त्यांचं त्यांनाही धड ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं, बाई," सचिव जवळजवळ विनवत म्हणाले. "व्हरांड्यात ऐकू गेलं पाहिजे."

बाहेर गुडघ्यांबद्दलचं बोलणं थांबलं. तिसऱ्या खिडकीत डोकी दाटीनं उभी होती. कुणी टाच फिरवत नव्हतं. दगडबाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि उभ्या आयुष्यात काढला नव्हता इतका मोठा आवाज काढून त्या म्हणाल्या,

"ही इमारत जतन करावी."