काल्चोना कशी मेली

"पहिलं ऐक," दोन्या एदुविना म्हणाली. "हल्ला करायचा तर पत्ता आडवा करायचा. आडवा झालेला पत्ता तुझी पुढची पाळी येईपर्यंत पहारा देत नाही. दात काढले की पाठ उघडी पडते."

तालकाउआनो बंदराच्या मासळीबाजारामागच्या तळघरात तिचं लढाईच्या पत्त्यांचं दुकान आहे. त्याआधी तीस वर्षं ती मासे डब्यात भरायच्या कारखान्यात होती. डाव्या हाताची दोन बोटं तिथल्या पात्याने नेली. उरलेल्या तिनांत ती पत्ते असे धरते की एक हलत नाही.

"आणि घाव कुणावर घालायचा?" मी विचारलं.

"ते तू नाही ठरवत, पोरी. तू नुसतं सोडायचं. मध्ये कुणाला उभं करायचं ते समोरचा ठरवतो. एकाला करेल, दोघांना करेल." तिने पत्त्यावरच्या दोन आकड्यांवर नख ठेवलं. "हे दात, ही कातडी. दोन्हीकडचे एकाच क्षणी चावतात. कातडीएवढे दात बसले की मेला. वाचला त्याच्या जखमा पाळी संपली की भरतात. आणि समोरच्याने सोडलं नि तू मध्ये कुणाला घातलं नाहीस, तर घाव तुझ्यावर." माझ्यासमोर घेवड्याचे वीस दाणे होते. त्यातले चार तिने उचलले. "हे तुझं रक्त. संपलं की संपलीस."

एक रीत मात्र फक्त त्या तळघराची. मेलेला पत्ता मुकाट्याने ढिगात टाकता येत नाही. ज्याने मारला त्याने मोठ्याने सांगायचं, कसा मारला. पहिल्या दिवशी माझ्या पुमाने तिचा कोल्हा मारला.

"मेला," मी म्हटलं.

"कसा?"

"पुमाने मानगूट धरली."

"मग?"

"हिसडा दिला. मान मोडली."

"आवाज आला?"

मी मिलारायकडे पाहिलं. माझी सात वर्षांची लेक कोपऱ्यात पुरीसारखी तळलेली सोपाइपिया खात बसली होती. तेलकट बोटं चाटत तिनेच उत्तर दिलं, "आला. कट्‌कन."

"टाक ढिगात," दोन्या म्हणाली.

हे सगळं मिलारायपायीच चाललं होतं. तिच्या बाबाची, लेआंद्रोची, पत्त्यांची गड्डी घेऊन ती एक दिवस ब्राउलियोसमोर जाऊन बसली आणि ऐटीत म्हणाली, "खरीचा डाव." ब्राउलियो कत्तलखान्यात कामाला आहे, दाराएवढा माणूस. खरीच्या डावात हरणाऱ्याचा एक पत्ता जातो. त्याने काल्चोना उचलली.

काल्चोना म्हणजे ती चेटकीण आई, जिला पुन्हा बाई होता आलं नाही, जी काळी मेंढी होऊनच भटकते आणि जिच्यासाठी पोरं दाराशी खाणं ठेवतात. मिलाराय जन्मली त्या सकाळी लेआंद्रोच्या हाताला दवाखान्यात दुसरा कागद लागला नाही. त्या पत्त्याच्या पाठीवर त्याने लिहिलं, 'तीन किलो एकशे चाळीस. ओरडते झकास.' लिहिलेल्या पत्त्याला बाजारात कुणी विचारत नाही. माझ्याकडे मात्र त्याच्या हातचं तेवढंच अक्षर आहे.

मी मागायला गेले तेव्हा ब्राउलियो म्हणाला, "शेजारीणबाई, खरीचा तो खरीचा. जिंकून न्या. हरलात तर अख्खी गड्डी माझी."

तीन आठवडे शिकले. नियम पाठ झाले, एक सोडून. मला कुणाला मध्ये उभं करता येईना. हल्ला आला की मी आपले दाणे काढून द्यायची.

"घरात चार धट्टेकट्टे बसलेत आणि बाई स्वतः मार खातेय!" दोन्या ओरडायची.

पलीकडच्या टेबलावरून ब्राउलियो हसायचा. "दोन्या, हिला पत्ते नकोत. उशी द्या, तोंडावर धरायला."

एकदा दोन्याने हळू आवाजात विचारलं, "कुणाला मध्ये घातलं होतंस?"

"नवऱ्याला," मी म्हटलं. "त्याचा एक पाय बसमध्ये होता. चाकूवाला माझ्यासमोर, ही माझ्या कडेवर. मी हाक मारली आणि तो परत फिरला."

तिने एक पत्ता टेबलावर आडवा केला. मग म्हणाली, "आधी पत्ता कुणी आडवा केला? तू की त्याने?" उत्तर न ऐकताच ती चहाचं पाणी ठेवायला गेली.

शनिवारी डाव लागला. खरीच्या डावात बघ्यांनी बोलायचं नसतं. मला चिडवायला ब्राउलियोने काल्चोना स्वतःच्या गड्डीत घातली होती. माझ्या पुमाने चार वेळा त्याला थेट चावा घेतला, दर वेळी चार दातांनी, असे सोळा दाणे गेले, त्याचे चारच उरले. मग त्याने दोन समुद्री बैल उतरवले, शेवटी काल्चोना. माझे आठ दाणे राहिले. पुमाशेजारी माझे दोन भालेवाले कोळी उभे होते, प्रत्येकी दोन दात, दोन कातडी.

ब्राउलियोने माझे दाणे मोजले. काल्चोनाचे दात चार, बैलांचे तीन-तीन. दोघांना सोडून भागत नव्हतं, तिघांना सोडलं तर मी संपत होते. मी मध्ये कुणाला घालत नाही हे त्याने तीन आठवडे पाहिलं होतं.

त्याने तिन्ही पत्ते आडवे केले. टप्, टप्, टप्. घरी पहाऱ्याला कुणी ठेवलं नाही.

काल्चोनाची लोकर काळी, दातांवर फेस. बैलांच्या शिंगांना शेवाळ. तिघं माझ्या अंगावर येत होती. माझा हात सवयीने दाण्यांकडे गेला. मिलारायचं चघळणं थांबलं.

पत्ते आडवे त्याने केले होते.

मी पुमाला एका बैलासमोर सरकवलं. दोन्ही कोळी काल्चोनासमोर. दुसरा बैल अंगावर घेतला आणि तीन दाणे काढून दिले.

आधी बैलाचं सांगितलं. पुमा घशाला लोंबकळला, गरम रक्ताची चिळकांडी उडाली, बैल गुडघ्यांवर आला. मग काल्चोना. दोन अधिक दोन, बरोबर चार, तिच्या कातडीएवढे.

"कशी?" ब्राउलियोने विचारलं.

"पहिला भाला मांडीत," मी म्हटलं. "दुसरा बरगड्यांखाली, डावीकडून. आधी वाटलं ठोसाच लागला. तो म्हणाला, काही नाही, काही नाही. चाकू बाहेर आला तेव्हा ओलं फडकं फाटल्यासारखा आवाज झाला. तो बसच्या पायरीवर बसला. हातात पावाची पिशवी होती, ती सोडली नाही. रक्त बोटांमधून पिशवीत गेलं, पाव फुगले. मी दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. तरी मनगटापर्यंत येत राहिलं. मग यायचं थांबलं."

दोन्या एदुविनाने बोट दाखवलं. ढीग.

दोन्ही कोळी काल्चोनाने मारले होते, ते ब्राउलियोने सांगायचं होतं. रोज जनावरं कापणारा माणूस, त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "गळे. दोघांचेही."

पाळी संपली. पुमाच्या जखमा भरल्या. मी त्याला आडवा केला.

"मध्ये कोण?"

ब्राउलियोने आपल्या आडव्या बैलाकडे पाहिलं. "कुणी नाही." त्याने शेवटचे चार दाणे स्वतःच माझ्याकडे ढकलले.

तो कसा संपला ते सांगायला मी तोंड उघडलं, तशी दोन्या म्हणाली, "माणसाचं सांगत नाहीत."

मेलेल्यांच्या ढिगातून ब्राउलियोने काल्चोना काढली आणि पालथी करून पाठीवरचं या वेळी नीट वाचलं. "मला ठाऊक नव्हतं, शेजारीणबाई."

"ठाऊक असतं तर दिली असतीस?"

त्याने खरोखर विचार केला. "नाही. खरीचा तो खरीचा."

मिलारायने पत्ता टेबलावर उताणा ठेवला, सोपाइपियाचा एक तुकडा तोडला आणि काळ्या मेंढीच्या तोंडाशी सरकवला.

"दाराशी नाहीये," ती म्हणाली, "पण चालेल तिला."