लीलाधरला नावं ठेवायची नाहीत

भाग दुसरा. पण आधी पहिला, थोडक्यात:

शाहपूरची वैजयंती बुऱ्हाणपुरात शिकवते. शाळेच्या मुलींना घेऊन ती कुंडी भंडाऱ्याच्या, म्हणजे शहराला पाणी पुरवणाऱ्या जुन्या जोडविहिरींच्या, भुयारात उतरली. तिथल्या पाण्याने तिच्या चपलांना नावं ठेवली. तिने पाण्याच्या रंगाला ठेवली. वाद मिटेना, म्हणून पाणी तिच्या मागोमाग वर आलं, माणूस झालं, आणि माघात दोघांचं लग्न लागलं. लीलाधर हे नावही तिनेच ठेवलेलं.

इथे पहिला भाग संपतो. लोकांना वाटलं, गोष्टही संपली.

*

लग्नानंतर:

तो बसेल ती खुर्ची ओली. वैजयंती म्हणाली, रोज पुसतच बसायचं हे ठाऊक असतं, तर नवरा कोरडा बघून घेतला असता. तो म्हणाला, चारशे वर्षं मी या शहराला पाणी पाजलं, बादशहांनीही तक्रार केली नाही. ती म्हणाली, बघ ना, एक तरी उरलाय का. या उत्तरावर तो इतका खूश झाला की शेजाऱ्यांना दारोदार जाऊन सांगून आला.

असं रोज. भांडण म्हणावं तर दोघांची पोटं हसून दुखायची.

*

चैत्राच्या शेवटी लीलाधरच्या बोटांतून पलीकडची भिंत दिसू लागली.

कारण साधं होतं. लग्नाला त्याच्या आईला कुणी विचारलंच नव्हतं. सातपुड्याच्या पोटात जेवढं पाणी झिरपतं, ते सगळं म्हणजे त्याची आई, आणि ती त्याला परत ओढत होती. तिने मोरीच्या नळातून निरोप धाडला: पोरगा कुणाचा ते आखाजीला, तापीच्या काठावर, तुमच्याच रिवाजाने ठरेल.

रिवाज असा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बायका गौराई बोळवायला नदीवर जातात आणि पलीकडच्या काठावरच्या बायकांशी भांडतात. समोरच्यांच्या नवऱ्यांना, भावांना, पोरांना वाट्टेल ते बोलायचं. आपल्या माणसाला मात्र एक शब्द नाही. ज्याला नावं ठेवली, तो समोरच्यांचा.

म्हणजे लीलाधरला जी आधी बोलेल, ती त्याला गमावेल.

वैजयंतीने लग्नापासून एक दिवस त्याला बोलल्याशिवाय काढला नव्हता. हे ठाऊक असल्यामुळे तिच्या आशामावशीने निघतानाच तिच्या तोंडात अख्खी सुपारी कोंबली.

*

काठ.

सूर्य अजून हातभर वर होता. पलीकडची वाळू रिकामी.

मग वाळू ओली झाली.

मग पाणी उभं राहिलं. आधी एक बाई. मग दहा. मग नदीच्या वळणापर्यंत बायकाच बायका, सगळ्या पाण्याच्या. एकीच्या छातीतून बारीक मासोळी या खांद्याकडून त्या खांद्याकडे गेली. एकीच्या कपाळामागे अख्खा सूर्य होता, कुंकवासारखा. आणि मधोमध, निंबाच्या झाडाएवढी उंच, ती. आई.

शाहपूरच्या बायकांचं गाणं थांबलं. कुणीतरी मोबाईल काढला आणि न उघडताच परत ठेवला. तापीचाही आवाज येत नव्हता.

आशामावशीने मात्र पदर खोचला. अशा कैक आखाज्या तिने जिंकल्या होत्या. तिने पाण्याच्या भावांना घेतलं: सकाळी नळाला यायचं तर अकरा वाजवतात, तेही खोकत खोकत. पलीकडच्या हसल्या. ते हसू कानांनी नाही, तळपायांनी ऐकू आलं. मग त्यांनी शाहपूरच्या पुरुषांना घेतलं: केळीच्या झाडासारखे, दिसायला भरदार आणि वारा आला की आडवे. हे इतकं खरं होतं की इकडच्याच बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मग आईने गळ टाकला.

"माझा लीला," ती म्हणाली, "कुणाला कसला त्रास नाही बघ त्याचा."

आणि थांबली.

( इथे वैजयंतीचं एक वाक्य होतं. )

( इथे दुसरं. पहिल्याहून चांगलं. )

तिने दोन्ही गिळली. सुपारी दाढेखाली कटकन फुटली.

दोन्ही काठांच्या मधे, गुडघाभर पाण्यात लीलाधर उभा होता. त्याने दोघींपैकी कुणाकडेच पाहिलं नाही. स्वतःच स्वतःचं कौतुक सांगू लागला. मी कष्टाळू, म्हणाला. वेळेचा पक्का. मुळात मी बोलतो कमी. वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तो काय करतोय ते तिला कळलं: तो दोघींनाही डिवचत होता. आणि दोघींतली आधी कोण फुटेल हे त्यालाही माहीत नाही, हेही कळलं.

"आणि आईला तर," लीलाधर म्हणाला, "मी नेहमी सांगून जायचो."

"सांगून?" आई म्हणाली. "मेल्या, एका कुंडीतून दुसरीत जायला तू साठ वर्षं लावायचास. आणि खरंच निघालास, तेव्हा मागे वळून थेंबभर बोलला नाहीस."



"विहीणबाई," आशामावशी हळूच म्हणाली, "तो आमचा झाला."

आईला रिवाज माहीत नव्हता असं नाही. तो तिनेच निवडला होता.

ती वाकली. निंबाएवढं पाणी वाकताना पहिल्यांदाच पाहिलं सगळ्यांनी. तिने लीलाधरच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि त्या हातामधून क्षणभर सातपुड्याच्या आतला अंधार दिसला, थेंब थेंब, चारशे वर्षांचा. मग वळणापर्यंतच्या सगळ्या बायका एकदम खाली बसल्या आणि नदी झाल्या. आवाज परत आला.

लीलाधरने स्वतःचे हात पाहिले. त्यांतून आता काही दिसत नव्हतं.

"आई," त्याने हाक मारली.

तापी वाहत होती.

वैजयंतीला आता त्याच्याशी काहीही बोलायची मोकळीक होती. ती साडीसकट पाण्यात उतरली, त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिला एकही वाक्य सुचलं नाही.